रडारचे जनक वॉटसन-वॅट आणि मुंबईचा चकवा

रडारचे जनक मानले जाणारे सर रॉबर्ट वॉटसन-वॅट यांचा जन्म १३ एप्रिल १८९२ रोजी स्कॉटलंडमधील ब्रेकिन येथे झाला. हवामान खात्यात रेडिओद्वारे वादळांचा वेध घेणाऱ्या या शास्त्रज्ञाने २६ फेब्रुवारी १९३५ रोजी रेडिओलहरींनी विमान टिपून दाखविले.

दुसऱ्या महायुद्धात मात्र मुंबईच्या रडारवर आवाक्याबाहेरचे प्रतिध्वनी उमटले. ती शत्रूची जहाजे नव्हती. तो दीड हजार किलोमीटरहून दूर असलेला अरबस्तानचा किनारा होता. समुद्रावरील दमट हवेवर उष्ण, कोरडी हवा पसरली की लहरी वाकून दूरवर जातात, असा उलगडा झाला. हवामानशास्त्रज्ञाच्या या अपत्याला हवामानानेच चकविले होते.

वॉटसन-वॅट ५ डिसेंबर १९७३ रोजी निवर्तले. पडद्यावरील प्रत्येक ठिपका शत्रू नसतो, हा धडा रडारचालकांना आजही गिरवावा लागतो.