विश्लेषण : नोकरी गेली, सुगरणीचे झाड सापडले… सलीम अली ‘पक्षीमानव’ कसे झाले?

राज्यात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर या काळात पक्षी सप्ताह साजरा होतो. पहिला दिवस मारुती चितमपल्ली यांच्या जयंतीचा, शेवटचा डॉ. सलीम अली यांच्या. या आठवड्यात तलाव, टेकड्या आणि खाडीकिनारी पहाटेच मुलांना घेऊन आलेले पालक दिसतात. गळ्यात दुर्बीण, हातात छोटी वही. एका जागी गप्प बसून पक्षी पाहायचा आणि दिसले ते लगेच लिहून ठेवायचे, हा तिथला पहिला धडा. सलीम अलींनी तो अलिबागजवळच्या किहीममध्ये गिरवला, तेव्हा त्यांच्या हाताला काम नव्हते.

सुरुवात बंदुकीने?

होय. सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईचा. नऊ भावंडांत धाकटे. तीन वर्षांचे होईपर्यंत आई-वडील दोघेही गेले आणि मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढवले. मामा शिकारीचे शौकीन, त्यामुळे भाच्याच्या हातातही छर्‍याची बंदूक आली. मोठेपणी नामांकित शिकारी व्हायचे, हेच त्याचे स्वप्न होते.

दहा-बारा वर्षांच्या सलीमने एकदा एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही नेहमीची चिमणी नाही, एवढे त्याला कळले. पुढचे मामांनाही सांगता येईना. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत (बीएनएचएस) पाठवले. सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी ती पिवळ्या गळ्याची चिमणी असल्याचे ओळखले. मग त्यांनी संग्रहातले पेंढा भरलेले पक्षी दाखवले आणि वाचायला पुस्तकेही दिली. अनोळखी मुलाच्या प्रश्नासाठी एका कामात गढलेल्या माणसाने वेळ काढला, म्हणून पुढचे सगळे घडले.

पदवीचा अडथळा

तरुणपणी सलीम अली ब्रह्मदेशात घरच्यांच्या खाण आणि लाकडाच्या व्यवसायात गेले. तिथेही त्यांचे लक्ष जंगलाकडेच जास्त. परतल्यावर त्यांनी मुंबईत प्राणिशास्त्राचे धडे घेतले, पण विद्यापीठाची पदवी घेतली नाही. त्यामुळेच झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियामधील पक्षिशास्त्रज्ञाची जागा हुकली. त्यांच्या नावामागचे ‘डॉ.’ पुढे मिळालेल्या मानद पदव्यांचे आहे.

१९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, त्यांना मार्गदर्शक व्याख्यात्याची नोकरी लागली. निसर्गविषयक दालन पाहायला आलेल्यांना माहिती सांगायची, असे ते काम. दोन वर्षांनी रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि एर्विन स्ट्रेझमान यांच्या हाताखाली पक्षिशास्त्र शिकले. १९३० मध्ये परतले, तर पैशांअभावी त्यांचे पदच रद्द झालेले!

किहीमला काय दिसले?

दुसरी नोकरी मिळेना. मुंबईचा खर्च टाळून सलीम अली आणि पत्नी तेहमिना किहीमला राहायला गेले. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. हाताशी भरपूर वेळ होता, म्हणून ते त्या घरट्यांकडे दिवसेंदिवस पाहत बसले.

मराठीत ‘सुगरण’ हा शब्दच स्त्रीलिंगी. बहिणाबाईंच्या कवितेमुळे खोपा विणणारी आई आपल्या मनात पक्की बसली आहे. प्रत्यक्षात विणकाम नर करतो. तो खोपा अर्धा विणून थांबतो. माद्या येतात, आत शिरून पाहणी करतात. एखादीने पसंत केला की जोडी जमते आणि मग नर नळीसारखे प्रवेशद्वार विणून खोपा पुरा करतो. मादी अंड्यांवर बसली की हे महाशय शेजारीच दुसरा खोपा विणायला घेतात, दुसऱ्या मादीसाठी!

हे एका फेरफटक्यात कळणारे नाही. रोज तेच झाड, तीच घरटी आणि तारीखवार नोंद हवी. हा अभ्यास बीएनएचएसच्या नियतकालिकात छापून आला आणि सलीम अलींचे नाव झाले.

बिनपगारी सर्वेक्षणे

यानंतर त्यांनी संस्थानांपुढे प्रस्ताव ठेवला : मोहिमेचा खर्च द्या, तुमच्या मुलुखातल्या पक्ष्यांची पाहणी मी मानधन न घेता करतो. हैदराबाद, कोचीन, त्रावणकोर, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशी ही यादी आहे. तेहमिना छावण्यांमध्ये सोबत असत. १९३९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. सलीम अलींनी पुन्हा लग्न केले नाही.

या मोहिमांत पक्षी मारून नमुनेही गोळा केले जात. आज खटकणारी ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही. अभ्यासासाठी नमुने लागतात, हे त्यांचे मत कायम राहिले. शिकार सोडलेला संत अशी त्यांची प्रतिमा रंगवणे म्हणूनच चुकीचे ठरेल.

सामान्य वाचकाला काय मिळाले?

१९४१ मध्ये त्यांचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ आले. चित्रांबरोबरच यातली मोठी सोय म्हणजे आकार सांगण्याची पद्धत. सेंटिमीटरच्या आकड्यावर न थांबता पक्षी चिमणीएवढा, बुलबुलाएवढा, मैनेएवढा की कावळ्याएवढा, हे त्यात कळते. शाळकरी पोरालाही ते उमगते. आजच्या कार्यशाळांतही पहिला प्रश्न बहुधा हाच असतो : चिमणीपेक्षा मोठा की लहान?

डिलन रिप्ले यांच्यासोबतचा दहा खंडांचा ग्रंथ १९७४ मध्ये पूर्ण झाला. भरतपूरची पाणथळ जागा आणि केरळचे सायलेंट व्हॅली वाचवण्यासाठी त्यांनी शब्द खर्ची घातला. १९७६ मध्ये पद्मविभूषण आणि १९८५ मध्ये राज्यसभेवर नियुक्ती झाली. २० जून १९८७ रोजी, वयाच्या ९०व्या वर्षी, त्यांचे मुंबईत निधन झाले.

पक्षी सप्ताहात मुलांना सुगरण दाखवायला नेणार असाल, तर एक लक्षात ठेवा. तिची वीण पावसाळ्यातली, त्यामुळे नोव्हेंबरमध्ये झाडावर बहुधा रिकामेच खोपे दिसतील. त्यात एखादा अर्धवट, नळी नसलेला लटकताना दिसला, तर तो कुठल्याच मादीला पसंत पडला नसण्याची शक्यता मोठी.