वाऱ्याने अडवलेला राजा
शिवरायांच्या बसरूर मोहिमेची कहाणी

दरवर्षी १९ फेब्रुवारीला हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ या जिल्ह्यातील पाचही तालुक्यांत शिवजयंती उत्साहात साजरी होते. गड जिंकणारे, घोड्यावर स्वार झालेले शिवराय येथील प्रत्येकाच्या परिचयाचे आहेत. कयाधू आणि पूर्णेच्या या मुलखापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर असल्याने आरमार उभारणारे शिवराय मात्र काहीसे अपरिचितच राहिले. जयंतीच्या याच महिन्यात, १६६५ साली, महाराज स्वतः समुद्रमार्गे मोहिमेवर होते. या मोहिमेच्या परतीच्या वाटेवर त्यांना शत्रूने नव्हे, तर वाऱ्याने थोपवून धरले.

शिवनेरीवर १६३० मध्ये जन्मलेल्या शिवरायांचे बालपण डोंगरदऱ्यांच्या सान्निध्यात गेले. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी ताब्यात आल्यावर स्वराज्याची सीमा समुद्राला भिडली. किनाऱ्यावर जंजिऱ्याच्या सिद्दीचा उपद्रव होता आणि पोर्तुगीज, इंग्रज, डच यांची जहाजे सागरावर हुकूमत गाजवीत होती. आरमारावाचून किनारा राखता येणार नाही, हे ओळखून महाराजांनी जहाजबांधणी सुरू केली. गुराबा, गलबते, तरांडी, मचवे पाण्यात उतरले. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणजवळील कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या बांधकामास प्रारंभ झाला.

त्यानंतर अवघ्या काही महिन्यांत, फेब्रुवारी १६६५ मध्ये, महाराजांनी मालवणहून दक्षिणेकडे कूच केले. ताफ्यात ८५ लहान आणि ३ मोठी जहाजे होती. गोव्याचा किनारा मागे टाकून हे आरमार थेट बसरूरला पोहोचले. आजच्या कर्नाटकातील कुंदापूरजवळचे हे बंदर त्या काळी बेदनूरच्या नायकांच्या राज्यात होते आणि व्यापारामुळे संपन्न झाले होते. अचानक झालेल्या हल्ल्यापुढे ते टिकले नाही. मोठी संपत्ती हाती आली. परतताना महाराजांनी गोकर्ण येथे महाबळेश्वराचे दर्शन घेतले, बरेचसे आरमार पुढे पाठवून दिले आणि सुमारे चार हजार सैन्यासह अंकोला व कारवारकडे मोर्चा वळवला. कारवारच्या व्यापाऱ्यांकडून खंडणी वसूल झाली.

जाताना सोपा ठरलेला सागरी मार्ग येताना मात्र अवघड झाला. पश्चिम किनाऱ्यावर हिवाळा सरताना दुपारनंतर वायव्येकडून जोरदार वारे वाहतात. दक्षिणेकडे जाणाऱ्या शिडाच्या जहाजाला हा वारा साथ देतो, उत्तरेकडे निघालेल्याला तोच समोरून अडवतो. रात्री आणि पहाटे जमिनीकडून येणाऱ्या मतलई वाऱ्यावर थोडे अंतर कापता येते. वायव्येचा वारा दिवस-रात्र घोंघावू लागला, तर खाडीच्या आडोशाला नांगर टाकून वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसते. इतिहासकार ग्रँट डफ यांच्या लेखनानुसार, परतीच्या प्रवासात सोसाट्याच्या वाऱ्याने महाराजांचे जहाज दक्षिणेकडे लोटले आणि वायव्य वाऱ्यामुळे त्यांना अनेक दिवस खोळंबून राहावे लागले.

खोळंबा झाला तो काळ साधा नव्हता. औरंगजेबाने पाठवलेले मिर्झाराजे जयसिंह आणि दिलेरखान प्रचंड फौजेनिशी दक्षिणेत उतरले होते. महाराज किनाऱ्यावर असताना, फेब्रुवारीतच, जयसिंह औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, दाखल झाले आणि ३ मार्चला पुण्यात पोहोचले. स्वराज्यावर संकट चालून येत असताना राजा मात्र दूर होता. वाऱ्यापुढे ना तलवार चालत होती, ना मुत्सद्देगिरी.

पुढे पुरंदरला वेढा पडला. मुरारबाजी देशपांडे धारातीर्थी पडले आणि जूनमध्ये झालेल्या तहात २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले. जयसिंहाची तयारी आणि सैन्यबळ पाहता या साऱ्याचे खापर वाऱ्यावर फोडणे योग्य ठरणार नाही. मात्र राज्यकर्त्याचा एकेक दिवस मोलाचा असताना समुद्र त्याला किती काळ अडकवून ठेवू शकतो, याचा दाहक अनुभव या मोहिमेने दिला.

यानंतर महाराजांनी स्वतः सागरी मोहिमेचे नेतृत्व केल्याचे दिसत नाही. आरमाराकडे मात्र त्यांनी पाठ फिरवली नाही. सिंधुदुर्ग पूर्णत्वास गेला, विजयदुर्ग बळकट झाला आणि दर्यासारंग, मायनाक भंडारी, दौलतखान अशा जाणत्यांच्या हाती ताफा सोपवण्यात आला. १६७९ मध्ये मायनाक भंडारींनी मुंबईच्या तोंडावरील खांदेरी बेटावर तटबंदी उभारण्यास सुरुवात केली, तेव्हा इंग्रजांनी नाकेबंदी केली. वारा पडला की इंग्रजांची अवजड जहाजे जागीच थबकत आणि मराठ्यांच्या वल्हवणाऱ्या हलक्या होड्या अंधारात रसद पोहोचवून येत. अखेर इंग्रजांना माघार घ्यावी लागली.

३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर महाराजांचे निधन झाले. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी स्वतंत्र प्रकरण आले. पावसाळ्यात जहाजांची छावणी कोठे करावी, वारा प्रतिकूल झाल्यास आपल्या जलदुर्गाचा आश्रय कसा घ्यावा, याचे मार्गदर्शन त्यात आहे. एकेकाळी वाऱ्याने राजालाच रोखून धरले होते. त्याच्या राज्याने पुढे वाऱ्याशी झुंजण्याऐवजी त्याची चाल ओळखून पावले टाकण्याची शिस्त अंगी बाणवली. पावसाची वाट पाहत पेरणी करणाऱ्या मराठवाड्यातील शेतकऱ्याला ही शिस्त वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.