पेटीत मोजलेली भूक

मधुमेहाचे निदान झाले आणि वजन उतरवण्यासाठी आहारतज्ज्ञ बाईंनी दिवसाला १६०० कॅलरींचा कागद माझ्या हाती ठेवला. आमची ही पोळ्या मोजून वाढू लागली. महिना झाला, वजनकाटा हलेना. मी चोरून खातो असा घरात संशय! हा आकडा मुळात आला कुठून, हे शोधताना मला विल्बर अ‍ॅटवॉटर भेटले.

अ‍ॅटवॉटर यांचा जन्म १८४४ साली अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, एका पाद्र्याच्या घरी झाला. १८६९ मध्ये येल विद्यापीठातून मक्याच्या रासायनिक घटकांवर डॉक्टरेट मिळवून ते जर्मनीला गेले. पुढे म्युनिकमध्ये कार्ल फॉइट यांच्याकडे त्यांनी माणसाच्या अन्नाचा आणि श्वासाचा हिशेब मांडायची रीत पाहिली.

१८९० च्या दशकात मिडलटाउनच्या वेस्लियन विद्यापीठात, भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड रोझा यांच्या साथीने त्यांनी माणूस राहू शकेल अशी बंद पेटी उभारली. माणूस दिवसेंदिवस आत राही. त्याचे अन्न, मलमूत्र, श्वास, अंगाची उष्णता, सारे मोजले जाई. निघाले ते असे, की जेवढी ऊर्जा शरीर वापरते तेवढीच बाहेर पडते. पिष्ट पदार्थ व प्रथिने ग्रॅमला ४ कॅलरी आणि स्निग्ध पदार्थ ९, हे आजचे कोष्टक त्यांचेच.

पण हिशेब त्यांच्यावर उलटलाही. मद्यातूनही ऊर्जा मिळते हे दिसताच मद्यविक्रेत्यांनी त्याचे भांडवल केले. जीवनसत्त्वे तेव्हा ठाऊक नव्हती. म्हणून पैशाच्या मानाने कमी ऊर्जा देणाऱ्या फळाभाज्यांना त्यांनी कमी लेखले. १९०४ मध्ये पक्षाघाताने त्यांचे काम थांबले. १९०७ मध्ये ते गेले.

त्यांचे सहकारी बेनेडिक्ट यांनी हॅरिस यांच्यासह १९१९ मध्ये वजन, उंची, वय यांवरून स्वस्थ पडल्या पडल्या लागणाऱ्या ऊर्जेचे सूत्र दिले. त्याला हालचालीप्रमाणे गुणायचे. माझा कागदही त्याच घराण्यातला. पण सूत्र पुष्कळांच्या सरासरीचे. मला कुणी पेटीत बसवले नव्हते!

बाईंनी पुन्हा हिशेब घेतला, तेव्हा फोडणीचे तेल धरलेलेच नव्हते असे उघडकीस आले. ५ ग्रॅमचा एक चमचा म्हणजे ४५ कॅलरी. तेल मोजू लागलो, संध्याकाळचे चालणे वाढवले. काटा हळूहळू उतरला. आकडा हा अंदाज. तो खरा की खोटा, हे आपल्याच वजनकाट्याला विचारावे. आता आमची ही माझ्याकडे संशयाने पाहत नाही. फक्त तेलाचा चमचा सपाट भरते.