स्वांते आऱ्हेनियस : हिमयुगाचा हिशेब मांडणारा शास्त्रज्ञ

पाऊस लांबला किंवा उन्हाळा असह्य झाला, की घरोघरी एक वाद हटकून निघतो. कोणी म्हणतो, ऋतुमान बदलणे हा सृष्टीचा स्वभावच आहे. ते पूर्वीही बदलत आले आणि पुढेही बदलत राहील. दुसरा म्हणतो, हे संकट माणसाने आपल्या हाताने ओढवून घेतले आहे. आमच्या वर्गातही हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विद्यार्थी विचारतोच. अशा वेळी आम्हांस एका स्वीडिश शास्त्रज्ञाचे स्मरण होते. हा शास्त्रज्ञ निघाला होता निसर्गाने घडविलेल्या एका प्रचंड बदलाचे कारण शोधायला. परंतु तो शोध घेता घेता मनुष्याच्या कर्तृत्वाचा आकडाही त्याच्या वहीत येऊन बसला. त्याचे नाव स्वांते आऱ्हेनियस.

१९ फेब्रुवारी १८५९ रोजी स्वीडनमधील उप्साला शहरानजीक विक येथे स्वांतेचा जन्म झाला. वडील भूमापक होते आणि उप्साला विद्यापीठाच्या जमीनजुमल्याची व्यवस्था पाहत. मूल विलक्षण तल्लख होते. वयाच्या तिसऱ्या वर्षीच ते आपले आपण वाचू लागले. वडील हिशेबाच्या वह्या लिहीत बसले, की बाळ स्वांते शेजारी बसून ते आकडे न्याहाळी आणि नुसत्या निरीक्षणाने बेरजा करी, असे सांगतात. जमाखर्चाच्या त्या वह्यांशी जडलेले नाते पुढे जन्मभर टिकले. १८७६ साली शालेय शिक्षण संपवून त्याने उप्साला विद्यापीठात प्रवेश घेतला. परंतु तेथील अध्यापनाने त्याचे समाधान होईना. म्हणून १८८१ मध्ये तो स्टॉकहोम येथे एरिक एडलुंड या पदार्थवैज्ञानिकाच्या हाताखाली काम करू लागला.

तेथे त्यांनी हाती घेतलेला विषय वरकरणी साधा होता. शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही, कोरड्या मिठातूनही वाहत नाही. मग मिठाच्या पाण्यातून ती सहज कशी वाहते? आऱ्हेनियस यांचे उत्तर असे, की मीठ पाण्यात विरघळताच त्याचे विद्युद्भारित कण आपोआप सुटे होतात. त्यासाठी बाहेरून वीज सोडावी लागत नाही. हे कण म्हणजेच आयन. १८८४ मध्ये या विषयावरील सुमारे दीडशे पानांचा प्रबंध त्यांनी उप्साला विद्यापीठास सादर केला. परीक्षकांना तो पटला नाही. प्रबंधास इतकी खालची श्रेणी मिळाली, की त्या बळावर विद्यापीठात अध्यापकाची जागा मिळण्याची आशा जवळजवळ मावळली.

पंचवीस वर्षांच्या तरुणाचे मन येथे खचले असते तर नवल नव्हते. परंतु आऱ्हेनियस यांनी आपल्या प्रबंधाच्या प्रती युरोपातील नामांकित शास्त्रज्ञांकडे धाडल्या. त्यांपैकी रीगा येथील विल्हेल्म ऑस्टवाल्ड यांना त्यातील तथ्य तत्काळ उमगले. ते स्वतः उप्सालास येऊन या तरुणास भेटले आणि त्यांनी आपल्या येथे जागा देऊ केली. परका विद्वान इतका मान देतो हे पाहिल्यावर घरच्या विद्यापीठालाही आपले मत बदलावे लागले. पुढे ज्या सिद्धांताची अशी अवहेलना झाली, त्याच सिद्धांतासाठी १९०३ साली आऱ्हेनियस यांस रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळविणारे ते पहिले स्वीडिश नागरिक होत.

आता आमच्या मूळ विषयाकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भूशास्त्रज्ञांपुढे एक मोठे कोडे होते. स्वीडनमधील घासलेले खडक आणि दूरवर वाहत आलेले प्रचंड धोंडे एकच साक्ष देत होते, की कोणे एके काळी हा सारा प्रदेश बर्फाच्या जाड थराखाली गाडला गेला होता. हे हिमयुग आले कसे आणि गेले कसे? स्कॉटलंडचे जेम्स क्रोल यांचे मत असे होते, की सूर्याभोवतीच्या पृथ्वीच्या भ्रमणमार्गात होणारे सावकाश फेरफार त्यास कारणीभूत आहेत. आऱ्हेनियस यांनी निराळी वाट धरली. फ्रान्सचे गणिती फूरिये यांनी १८२४ मध्येच सुचविले होते, की वातावरण पृथ्वीची उष्णता राखून ठेवते. पुढे १८५९ मध्ये, म्हणजे आऱ्हेनियस यांच्या जन्मवर्षीच, जॉन टिंडल यांनी लंडन येथे प्रयोगांनी दाखविले, की हवेतील प्राणवायू व नत्रवायू उष्णतेला अडवीत नाहीत. पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड मात्र तिला अडवितात. या दुसऱ्या वायूस सोयीसाठी आम्ही कर्बवायू म्हणू. हवेत त्याचे प्रमाण अत्यल्प. पण हा अत्यल्प अंश कमीजास्त झाला तर?

डिसेंबर १८९४ मध्ये आऱ्हेनियस यांनी हे गणित हाती घेतले आणि ते पुरे होण्यास जवळजवळ एक वर्ष लागले. अमेरिकेतील लँगली यांनी चंद्राकडून येणाऱ्या उष्णतेची जी मोजमापे केली होती, तीच त्यांनी आधाराला घेतली. पृथ्वीचे अक्षांशांप्रमाणे दहा-दहा अंशांचे पट्टे पाडले. प्रत्येक पट्ट्यासाठी, वर्षाच्या चारही भागांसाठी आणि कर्बवायूच्या निरनिराळ्या प्रमाणांसाठी त्यांनी स्वतंत्र आकडेमोड केली. गणकयंत्र नव्हते; होते ते कागद, लेखणी आणि चिकाटी. हवा तापली म्हणजे तिच्यात पाण्याची वाफ अधिक मावते आणि ती वाफ आणखी उष्णता अडविते, हेही ते विसरले नाहीत. याच सुमारास त्यांचा संसार मोडत होता. १८९४ मध्ये त्यांनी आपली विद्यार्थिनी सोफिया रुडबेक हिच्याशी विवाह केला होता. पुढील वर्षी पुत्र झाला, आणि १८९६ पर्यंत उभयतांची फारकतही झाली. अशा मनःस्थितीत हजारो गुणाकार-भागाकार त्यांनी कसे निभावले असतील, याचे आम्हांस आश्चर्य वाटते.

१८९६ च्या एप्रिलमध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला. कर्बवायू सुमारे दोन-पंचमांशाने घटला, तर हिमयुग येण्याइतकी, म्हणजे ४ ते ५ अंश सेल्सिअस थंडी वाढेल. आणि तो दुप्पट झाला, तर तापमान ५ ते ६ अंशांनी चढेल, असा त्यांचा निष्कर्ष होता.

परंतु हा वायू कमीजास्त होतो कशाने? यासाठी त्यांनी आपले सहकारी, भूशास्त्रज्ञ आर्विड होग्बोम यांचा आधार घेतला. होग्बोम यांनी सृष्टीतील कर्बाचा जणू जमाखर्चच मांडला होता. ज्वालामुखी ही जमेची बाजू. खडकांची झीज होऊन चुनखडी बनणे ही खर्चाची बाजू. या खातेवहीत त्यांनी आणखी एक नोंद केली, ती कारखान्यांत जळणाऱ्या दगडी कोळशाची. त्या काळी जगात वर्षाला सुमारे ५० कोटी टन कोळसा जळत होता. वातावरणात आधीच असलेल्या वायूच्या मानाने त्याचा धूर थोडा. परंतु निसर्ग वर्षाकाठी जेवढी देवघेव करतो, तिच्याशी तुलना करण्याइतका तो खास होता. मनुष्यप्राणी निसर्गाच्या वहीत प्रथमच एक खातेदार म्हणून दाखल झाला, तो असा.

आऱ्हेनियस यांस याची भीती मात्र वाटली नाही. कोळसा त्याच गतीने जळत राहिला, तर वायू लक्षणीय वाढण्यास हजारो वर्षे लागतील, असा त्यांचा अंदाज होता. पुढे कोळशाचा खप झपाट्याने वाढलेला पाहून, १९०८ मध्ये इंग्रजीत आलेल्या आपल्या एका लोकप्रिय ग्रंथात त्यांनी तो काळ काही शतकांवर आणला. त्यातही त्यांना आनंदच होता. हवा उबदार होईल, पिके चांगली येतील आणि हिमयुग पुन्हा येणार नाही, अशी त्यांची समजूत होती. बर्फाच्या देशात जन्मलेल्या माणसाला उष्णता ही देणगी वाटावी, हे स्वाभाविक होते. आमच्या गोव्यातील खाजन शेते भरतीच्या पातळीखाली असून केवळ बांध आणि मानशींच्या आधाराने तगून आहेत. समुद्र चढू लागला, तर त्या शेतांच्या धन्याला ही देणगी कशी वाटेल, हा विचार त्यांच्या मनात येणे शक्य नव्हते.

या सिद्धांतालाही विरोध झाला. १९०० मध्ये उप्सालाचेच क्नूट ऑंगस्ट्रॉम यांनी प्रयोगावरून असे प्रतिपादन केले, की हवेत आहे तेवढा कर्बवायू अडविता येईल तेवढी उष्णता आधीच अडवितो. त्यात भर घातल्याने काही फरक पडणार नाही. आऱ्हेनियस यांनी उत्तर दिले. पण बहुतेकांना ऑंगस्ट्रॉम यांचे म्हणणे पटले. ही चूक उमगण्यास अर्धे शतक लागले. वातावरण ही एक गोधडी नसून थरावर थर घातलेल्या अनेक गोधड्या आहेत. उष्णता अवकाशात निसटते ती वरच्या विरळ, थंड थरांतून. आणि वायूची भर पडली, की ती निसटण्याची जागा आणखी वर, आणखी थंडीत सरकते. साहजिकच उष्णता कमी निसटते आणि खाली ऊब वाढते.

आऱ्हेनियस २ ऑक्टोबर १९२७ रोजी स्टॉकहोम येथे निवर्तले. वाद मात्र चालूच राहिला. १९३८ मध्ये इंग्लंडचे वाफ-अभियंता गाय कॅलेंडर यांनी जगभरच्या सुमारे दीडशे ठाण्यांची तापमाने जुळवून दाखविले, की पृथ्वी तापत आहे. तज्ज्ञांनी ते साशंकतेने ऐकले. १९५८ पासून चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर कर्बवायूचे अचूक मापन सुरू केले. तेव्हा हवेच्या दर दहा लक्ष भागांत तो सुमारे ३१५ भाग होता; आज ४२० हून अधिक आहे. कारखानदारीपूर्वी तो २८० च्या आसपास होता, असे ध्रुवीय बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे सांगतात. हिमयुगाच्या ऐन भरात तो सुमारे एक-तृतीयांशाने कमी होता, हेही तेच बुडबुडे सांगतात. म्हणजे वायूची घट आणि हिमयुग यांचे नाते आऱ्हेनियस यांनी बरोबर हेरले होते.

मग निसर्ग खरा की माणूस? हिमयुगांचा ताल भ्रमणमार्गातील फेरफारच धरतात, हे क्रोल आणि त्यांच्यानंतर सर्बियाचे मिलँकोविच यांचे मत खरे ठरले. कर्बवायू त्या बदलाला बळ देतो. म्हणजे निसर्ग ऋतुमान बदलतो, हे निःसंशय. परंतु हे फेरफार हजारो वर्षांच्या चालीने होतात. गेल्या चाळीसहून अधिक वर्षांत उपग्रहांनी सूर्याची प्रखरता मोजली. ती वाढलेली नाही. ज्वालामुखींतून निघणारा कर्बवायू माणसाच्या धुराच्या जेमतेम शंभराव्या हिश्शाइतका आहे. खालची हवा तापत असता वरचे थर थंड होत आहेत. सूर्य तापला असता तर दोन्ही तापले असते. या साऱ्या पुराव्यावरून १९५० नंतरची तापमानवाढ मुख्यतः मनुष्यकृत आहे, असा निर्णय शास्त्रज्ञांनी दिला. निसर्गाची आणि माणसाची खूण वेगळी कशी ओळखावी, हे दाखविणारे क्लाउस हासेलमान यांस २०२१ साली नोबेल पारितोषिक मिळाले, तेही ज्या स्वीडिश विज्ञान अकादमीचे आऱ्हेनियस सदस्य होते, तिच्याच हस्ते.

आऱ्हेनियस यांच्या चरित्रापासून आमच्या विद्यार्थ्यांनी काय घ्यावे? कमी गुण मिळाले म्हणून विचार खोटा ठरत नाही, हे एक. पण त्याहून महत्त्वाचे दुसरे आहे. वायू दुप्पट झाल्यास होणाऱ्या वाढीचा आजचा अंदाज सुमारे ३ अंशांचा आहे, म्हणजे त्यांचा आकडा थोडा अधिक भरला. काळाचा अंदाज तर पुरताच चुकला. तरीही त्यांचे काम टिकले. कारण त्यांनी सारे आकडे सर्वांसमक्ष मांडून ठेवले होते. ज्याला शंका आली, त्याला ते तपासता आले. आपल्याला सोयीचे वाटते म्हणून निसर्गाला दोष देणे अथवा रागाच्या भरात माणसाला दोष देणे, हे दोन्ही सोपे आहे. वही उघडून जमाखर्च तपासणे कठीण, पण खरे उत्तर तेथेच मिळते. आणि एकदा आपले नाव खर्चाच्या रकान्यात स्पष्ट दिसले, की ते फेडण्याची जबाबदारी आपलीच ठरते, हे आमच्या मुलांना वेगळे सांगावयास नकोच.