नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला ज्यांचं नाव दिलंय, तो स्कॉटिश पाद्री जुन्या चांद्याच्या जंगलापर्यंत कसा पोचला?

नागपुरात हिस्लॉप कॉलेज माहीत नसलेला माणूस सापडणं अवघड आहे. 1883 साली सुरू झालेलं हे विदर्भातल्या सगळ्यात जुन्या कॉलेजांपैकी एक. चंद्रपूर-गडचिरोलीकडची कित्येक पोरं इथं शिकून गेली. पण हिस्लॉप म्हणजे नक्की कोण, असं विचारलं तर बहुतेक जण म्हणतील, असेल कुणी तरी इंग्रज.

तर ते इंग्रज नव्हते, स्कॉटिश होते. आणि कॉलेज सुरू झालं तेव्हा त्यांना जाऊन 20 वर्षं झाली होती.

आज केनिया किंवा टांझानियात नोकरीसाठी स्थायिक व्हायला निघालेल्या माणसाला जुने जाणते काही ठरलेले सल्ले देतात. तिथली भाषा शिक. आपल्याच लोकांच्या कॉलनीत अडकून पडू नकोस. स्थानिक माणसांशी जीवाभावाची ओळख ठेव. पावसाचे महिने ओळख आणि रस्त्यांचा भरवसा धरू नकोस. पावणेदोनशे वर्षांपूर्वी स्टीफन हिस्लॉप नागपूरला आले तेव्हा हे सांगणारं त्यांना फारसं कुणी नव्हतं. त्यातल्या बऱ्याच गोष्टी ते स्वतःच शिकले. त्यातली शेवटची मात्र त्यांना फार महागात पडली.

दगड आणि किडे गोळा करणारा मुलगा

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म 8 सप्टेंबर 1817 चा, स्कॉटलंडमधल्या डन्स या छोट्या गावातला. लहानपणापासून त्यांना निसर्गाचा नाद होता. किडे, दगड, जीवाश्म गोळा करायचे आणि त्यांची नावं शोधायची.

पुढे एडिंबरा आणि ग्लासगोला त्यांचं शिक्षण झालं, धर्मशास्त्राचा अभ्यास झाला. 1843 मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली आणि फ्री चर्च नावाचा नवा गट वेगळा झाला. हिस्लॉप या नव्या गटाबरोबर गेले. त्याच सुमारास एका ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने नागपूर भागात मिशन सुरू करण्यासाठी पैसे देऊ केले होते. या कामासाठी हिस्लॉप यांची निवड झाली. 1844 च्या डिसेंबरमध्ये पत्नी इरास्मा यांच्यासोबत ते मुंबईत उतरले.

तेव्हाचं नागपूर कसं होतं?

मुंबई ते नागपूर हा आज एका रात्रीचा प्रवास आहे. पण नागपूरला रेल्वे पोचली 1867 साली. त्याआधी हे अंतर बैलगाडी, घोडा किंवा पालखीनेच कापावं लागायचं. हिस्लॉप 1845 च्या सुरुवातीला इथं पोचले.

तेव्हा नागपूर इंग्रजांच्या थेट ताब्यात नव्हतं. तिसरे रघुजी भोसले गादीवर होते. सीताबर्डीला इंग्रजांचा रेसिडेंट बसायचा आणि कामठीला फौजेची छावणी होती. चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, भोसल्यांच्याच राज्यात होतं. गडचिरोली जिल्हा तर तेव्हा अस्तित्वातच नव्हता. तो 1982 साली चंद्रपूरमधून वेगळा झाला.

बाहेरून आलेल्या युरोपियन माणसासाठी सोपी जागा होती ती कामठीची छावणी. तिथं आपल्यासारखी माणसं, डॉक्टर, बंगले सगळं होतं. हिस्लॉप यांचा छावणीशी संबंध राहिला, पण काम त्यांनी शहरात आणि खेड्यात वाढवलं. आधी मराठी शिकायला घेतली. 1846 मध्ये नागपुरात शाळा सुरू केली. पुढच्या वर्षी रॉबर्ट हंटर हे दुसरे मिशनरी त्यांच्या मदतीला आले.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हिस्लॉप धर्मप्रचारासाठीच आले होते आणि शेवटपर्यंत तेच आपलं मुख्य काम मानत राहिले. पण धर्मांतर करणारे फार थोडे निघाले आणि जे निघाले त्यावरून शहरात वादही झाले. शाळा मात्र टिकली, कारण लोकांना शिक्षण हवं होतं.

दोन लाव्हांच्या मधलं तळं

शाळा आणि प्रवचनातून वेळ मिळाला की हिस्लॉप आणि हंटर फिरायला निघायचे. 1851 च्या सुमारास नागपूरजवळच्या टाकळीच्या माळावर त्यांना दगडात गोड्या पाण्यातले शंख-शिंपले सापडले.

आता यात विशेष काय? तर नागपूरच्या पश्चिमेकडे जो काळा दगड दिसतो, तो लाव्हा थंड होऊन बनलेला बेसाल्ट. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लाव्हाचे थरावर थर पसरले. पण दोन थरांच्या मधे बराच काळ जायचा. त्या काळात खोलगट जागी तळी साचायची, त्यात गोगलगायी वाढायच्या, काठावर झाडं उगवायची. मग पुन्हा लाव्हा यायचा आणि सगळं गाडलं जायचं. हिस्लॉप यांना सापडलेले शिंपले अशाच गाडलेल्या तळ्यातले होते.

कामठीजवळच्या खाणींमधून त्यांनी दगडात उमटलेली पानं गोळा केली. ही झाडं लाव्हाच्याही खूप आधीची, कोळशाच्या काळातली. नमुने पेटीत भरून लंडनला जायचे. 1855 मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात नागपूर परिसराच्या भूगर्भावर हिस्लॉप आणि हंटर यांचा मोठा लेख छापून आला.

चांद्याच्या वाटेवर

नागपूरहून दक्षिणेकडे वर्धा नदीच्या खोऱ्यात उतरलं की दगड बदलतो. काळा बेसाल्ट मागे पडतो आणि वाळूचा तांबूस, पिवळसर दगड सुरू होतो. वरोरा, भद्रावती, बल्लारपूर इथल्या कोळशाच्या खाणी याच खडकांच्या पट्ट्यात येतात. पुढे वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते आणि ती सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते.

हा सगळा पट्टा हिस्लॉप यांना खुणावत होता. नागपूरपासून सुमारे 60 मैल दक्षिणेला मांगली इथं मिळालेली एका प्राचीन उभयचर प्राण्याची कवटी लंडनला गेली. तिचा अभ्यास केला रिचर्ड ओवेन यांनी. डायनासोर हा शब्द ज्यांनी जगाला दिला, तेच हे ओवेन. त्यांनी या प्राण्याला ब्रॅकिऑप्स असं नाव दिलं.

प्राणहितेच्या डाव्या काठावर, सिरोंचाच्या वर कोटा नावाचं गाव आहे. तिथल्या चुनखडीत जुन्या माशांचे जीवाश्म मिळतात, हे हिस्लॉप यांच्या काळात कळून चुकलं होतं. नदीपलीकडे, तेव्हाच्या निजामाच्या हद्दीत मालेरी गाव होतं. तिथले दात आणि हाडं हिस्लॉप यांनी अभ्यासकांपुढे आणली. मालेरीत सापडलेल्या फुप्फुसमाशाच्या दातांना 1859 मध्ये सेराटोडस हिस्लॉपियानस हे नाव मिळालं. पुढे 1885 मध्ये मगरीसारख्या दिसणाऱ्या एका प्राचीन सरपटणाऱ्या प्राण्याचं नाव पॅरासुकस हिस्लॉपी ठेवलं गेलं. हा प्राणी साधारण 22 कोटी वर्षांपूर्वी या खोऱ्यात वावरत होता. याशिवाय हिस्लॉपाइट नावाचं खनिज आहे आणि गोड्या पाण्यातला हिस्लॉपिया नावाचा एक सूक्ष्म जीवही आहे.

गोंडांच्या देवाची गोष्ट लिहून ठेवली

या वाटांवर हिस्लॉप यांना दगडांइतकीच माणसंही भेटली. चांदा ही गोंड राजांची राजधानी. अठराव्या शतकाच्या मध्यात भोसल्यांनी ते राज्य घेतलं, तरी जंगलातल्या गावांमध्ये गोंडी भाषा, गोंडी देव आणि गोंडी गाणी जिवंत होती.

नागपूरच्या दरबारात किंवा इंग्रजांच्या कचेरीत तेव्हा या भाषेची दखल क्वचितच कुणी घेत असेल. हिस्लॉप यांनी ती घेतली. त्यांनी गोंडीचे शब्द जमवले, आजूबाजूच्या इतर आदिवासी भाषांचे शब्दही जमवले आणि ते शेजारी शेजारी मांडले. गोंडांमध्ये साडेबारा पोटजाती मानल्या जातात, ती यादी त्यांनी लिहून घेतली. त्यात कोलाम आहेत आणि माडियाही आहेत.

सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे लिंगोची कथा. गोंडांच्या वंशावळी आणि देवकथा गाणारा समाज म्हणजे परधान. पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या तोंडी असलेली लिंगोची लांबलचक गाणी हिस्लॉप यांनी मिळवली आणि मूळ गोंडी शब्द व त्याखाली अर्थ अशा पद्धतीने कागदावर उतरवून घेतली. गोंड कुठून आले, गुहेत कसे कोंडले गेले, लिंगोने त्यांना कसं सोडवलं आणि त्यांची कुळं कशी पाडली, असा सगळा पसारा त्यात आहे. आज गोंडी भाषा आणि कोया पुनेमवर काम करणाऱ्यांना पारी कुपार लिंगो हे नाव नव्याने सांगावं लागत नाही. पण या कथेच्या सुरुवातीच्या छापील नोंदींपैकी एक याच कागदांतून आली.

ओळखी कामाला आल्या

1853 च्या डिसेंबरमध्ये तिसरे रघुजी भोसले वारले. त्यांना मुलगा नव्हता. डलहौसीने दत्तकवारस नाकारून 1854 मध्ये राज्य खालसा केलं. चांद्यापर्यंतचा मुलूख इंग्रजांचा झाला.

1857 च्या जून महिन्यात नागपुरातही उठावाचा बेत शिजत होता. तेव्हा एका मुस्लिम परिचिताने हिस्लॉप यांना आधीच सावध केलं, असं त्यांच्या चरित्रात सांगितलं जातं. छावणीच्या भिंतीआड राहणाऱ्या माणसाला अशी खबर सहसा मिळत नाही.

खालसा झाल्यानंतरच्या कारभारावरही हिस्लॉप गप्प बसले नाहीत. स्वतः ब्रिटिश प्रजाजन असूनही इंग्रज अधिकाऱ्यांच्या गैरकारभारावर त्यांनी वर्तमानपत्रातून टीका केली. 1861 मध्ये मध्य प्रांत हा वेगळा प्रांत तयार झाला, त्यामागच्या कारणांमध्ये या टीकेचाही वाटा धरला जातो. 1862 पासून प्रांताचा कारभार रिचर्ड टेम्पल यांच्याकडे आला. हेच पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. टेम्पल आणि हिस्लॉप यांची चांगली दोस्ती जमली.

4 सप्टेंबर 1863

आजच्या बुटीबोरीजवळ टाकळघाट नावाचं गाव आहे. त्या परिसरात मोठमोठे दगड गोलाकार रचलेली प्राचीन दफनं आहेत. ती पाहायला टेम्पल आणि हिस्लॉप गेले होते. पाहणी झाल्यावर टेम्पल मुक्कामी परतले. हिस्लॉप मात्र गावातली शाळा बघायला मागे थांबले आणि नंतर एकटेच घोड्यावरून निघाले.

दिवस पावसाचे होते. विदर्भातल्या माणसाला नाल्याचं पाणी कसं चढतं हे वेगळं सांगायला नको. वरच्या अंगाला पाऊस झाला की सकाळी घोटाभर असलेला नाला संध्याकाळी घोडा वाहून नेतो. काळ्या मातीच्या काठावर पाय ठरत नाही आणि अंधारात पाण्याचा अंदाज येत नाही. आजही चंद्रपूर-गडचिरोलीत दर पावसाळ्यात नाल्यांना पूर येऊन गावांचा संपर्क तुटतो.

मुक्कामावर हिस्लॉप यांची वाट पाहणं सुरू होतं. पोचला तो फक्त घोडा. पाठीवर स्वार नव्हता. शोध घेतल्यावर नाल्यात हिस्लॉप यांचा मृतदेह सापडला. चार दिवसांनी त्यांना 46 वर्षं पूर्ण झाली असती.

अठरा वर्षांत त्यांनी इथली भाषा, माणसं आणि जमीन समजून घेतली होती. कोणता दगड कोणत्या काळातला हे त्यांना कळत होतं. पण भरल्या नाल्याला थांबून वाट द्यावी लागते. त्या संध्याकाळी ती वाट दिली गेली नाही.

अर्धवट राहिलेले कागद

हिस्लॉप यांच्या मागे टिपणांचा ढीग उरला. गोंडी शब्द, पोटजातींच्या याद्या, लिंगोची गाणी, सगळं अर्धवट. टेम्पल यांनी ते कागद वाया जाऊ दिले नाहीत. त्यांनी ते नीट लावले, टिपा जोडल्या आणि 1866 मध्ये मध्य प्रांतातल्या आदिवासींवरचं पुस्तक म्हणून छापून आणले. नंतरच्या अभ्यासकांनी त्यातल्या काही मतांवर आक्षेप घेतले, ते साहजिकही आहे. पण आक्षेप घ्यायला समोर कागद होते, ते या माणसामुळे.

गोंडांच्या भूमीला गोंडवन म्हणतात. कोळशाच्या काळातले हे खडक याच भूमीत आधी अभ्यासले गेले, म्हणून भूगर्भशास्त्रज्ञांनी 1870 च्या दशकात त्यांना गोंडवाना हे नाव दिलं. पुढे भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका आणि दक्षिण अमेरिका ज्या एका महाखंडात जोडलेले होते, त्यालाही हेच नाव पडलं. म्हणजे एकेकाळी पूर्व आफ्रिका आणि चांदा एकाच भूखंडाचे भाग होते.

टाकळघाट-खापा परिसरातल्या शिळावर्तुळांचं नागपूर विद्यापीठाने 1960 च्या दशकाच्या शेवटी रीतसर उत्खनन केलं आणि ती लोहयुगातली असल्याचं पुढे आलं. सिरोंचा तालुक्यात वडधमला आता जीवाश्म उद्यान आहे. प्राणहितेच्या खोऱ्यात संशोधक अजूनही हाडं आणि दात शोधत फिरतात. फरक इतकाच, की ते पावसाळा संपल्यावर येतात.