अक्कमहादेवी : वस्त्रापलीकडची लज्जा

थोरल्या बहिणीला ‘अक्का’ म्हणण्याचा आपल्याकडील प्रघात ही कन्नड भाषेची देणगी होय. कर्नाटकात मात्र भाविकांच्या मेळ्यात ‘अक्का’ म्हटले की डोळ्यांपुढे एकच मूर्ती उभी राहते : अंगावर वस्त्र नाही, मोकळ्या सोडलेल्या लांब केसांनी देह झाकलेला आणि हातात इष्टलिंग. बाराव्या शतकातील शिवशरणी अक्कमहादेवी ती हीच. सरकारी नोकरीच्या निमित्ताने परप्रांती वावरताना ही मूर्ती मी प्रथम पाहिली, तेव्हा भक्तीआधी मनात संकोच उभा राहिला, हे कबूल केले पाहिजे.

अक्काचा जन्म आजच्या शिवमोग्गा जिल्ह्यातील उडुतडी या गावचा. श्रीशैलाचा मल्लिकार्जुन हाच आपला पती, असे तिने बालपणापासून मनाने ठरविले होते. तिच्या रूपाची कीर्ती ऐकून कौशिक राजाने तिला मागणी घातली. पुढची हकीकत सांगताना जुने कवी एकमत नाहीत. हरिहर कवीच्या मते तिने काही अटींवर विवाह मान्य केला आणि राजाने त्या मोडताच ती निघाली. चामरसाच्या मते विवाह झालाच नाही. एका गोष्टीबाबत मात्र परंपरेत दुमत नाही. राजवाडा सोडताना दागिन्यांबरोबर अंगावरील वस्त्रही तिने टाकून दिले. देहावर राजाने सांगितलेला हक्क तिने त्याच्या वैभवासह तेथेच ठेवला.

तेथून ती एकटी कल्याणास आली. हे कल्याण म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. महात्मा बसवेश्वरांच्या अनुभवमंटपात जातिकुळाचा भेद न मानता शरण-शरणी जमत. आपल्या सोलापूरचे सिद्धरामेश्वर हेही त्याच मेळ्यातले. तेथे अल्लमप्रभूंनी तिची कठोर परीक्षा घेतली, असे ‘शून्यसंपादने’ या ग्रंथात वर्णन आहे. वस्त्राचा त्याग केला, तर मग केसांचा आडोसा कशासाठी, असा त्यांचा प्रश्न होता. मनातील लाज सुटली नसेल, तर बाहेरच्या त्यागाला काय अर्थ?

अक्काच्या उत्तराचा आशय असा, की फळ आतून पिकल्यावाचून त्याच्या सालीची शोभा उतरत नाही. बाहेरचे लक्षण आतल्या पक्वतेच्या मागून यावयाचे असते. केसांचा आडोसा तिने स्वतःसाठी घेतलेला नव्हता. आपल्या देहाच्या दर्शनाने पाहणाऱ्याच्या चित्तास बाधा होऊ नये, एवढाच त्यामागे हेतू होता. सर्व जग ज्याच्या दृष्टीसमोर उघडे आहे, त्या परमेश्वरापासून झाकून ठेवण्यासारखे तिच्याजवळ काही उरलेच नव्हते.

मला या उत्तराचे मोल फार वाटते. वस्त्रत्यागाचा तिने डौल मिरविला नाही आणि तो इतरांसाठी नियमही केला नाही. अनुभवमंटपातील वस्त्रे ल्यालेल्या शरणींना तिने कधी कमी लेखले नाही. तिच्यापाशी विनय होता, तो वस्त्रावर अवलंबून नव्हता, इतकेच. त्या सभेने वयाने लहान असलेल्या या मुलीला ‘अक्का’ म्हणजे थोरली बहीण मानले, यातच सर्व आले.

पुढे कल्याण सोडून ती श्रीशैलाच्या कदलीवनात गेली व तेथेच चेन्नमल्लिकार्जुनाशी एकरूप झाली, अशी श्रद्धा आहे. श्रीशैल आपल्याला परके नाही. १६७७ साली दक्षिणेच्या स्वारीत शिवछत्रपतींनी तेथे दर्शन घेतले होते. अक्काची ३५०हून अधिक वचने आज उपलब्ध आहेत.

घरापासून दूर राहणाऱ्या आपल्या कुटुंबांतून डोईवरचा पदर, कुंकू, मुलींचा पोशाख यांवरून खटके उडतातच. दूर आल्यावर आपलेपण जपण्याची काळजी अधिक वाटते आणि तिचा भार बहुधा मुलींच्या कपड्यांवर पडतो. आमच्या घरीही आजी आणि नात यांच्यात हा वाद असे. एका संध्याकाळी मी दोघींना अक्काची कथा सांगितली. माझी आई रागावेल, अशी मला धास्ती होती. तिने सारे ऐकून घेतले आणि थंडीवाऱ्यात त्या पोरीने कसे निभावले असेल, एवढेच विचारले. त्या प्रश्नात अक्काच्या उघड्या देहाची लाज नव्हती, माया होती. नातीने उठून आजीच्या अंगावर शाल घातली. वाद त्या दिवशी मिटला असे नाही. परंतु त्यानंतर तो हलक्या आवाजात होऊ लागला.