ओले एव्हिनरूड: होडीला मोटर देणारा माणूस आणि वाकलेल्या पात्याचं गणित

नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांच्या काठाने नर्मदा वाहते. सरदार सरोवराच्या फुगवट्यामुळे इथल्या काही पाड्यांसाठी बोट हाच रस्ता आहे. पेशंट, रेशन, मतदान यंत्रं, सगळं पाण्यावरून जातं. अशा बोटीच्या मागे लटकवतात ते इंजिन म्हणजे आऊटबोर्ड मोटर. ती घराघरात पोहोचवणाऱ्या माणसाची ही गोष्ट.

ओले एव्हिनरूडचा जन्म 1877 मध्ये नॉर्वेत झाला. तो पाच वर्षांचा असताना कुटुंब अमेरिकेत विस्कॉन्सिनला आलं आणि शेती करू लागलं. सोळाव्या वर्षी तो मॅडिसन शहरातल्या वर्कशॉपमध्ये कामाला लागला. इंजिनिअरिंग तो स्वतःच वाचून शिकला. पुढे मिलवॉकीत तो पॅटर्न मेकर झाला, म्हणजे ओतकामासाठी लाकडाचे नमुने बनवणारा कारागीर.

एक किस्सा नेहमी सांगितला जातो. 1906 च्या उन्हाळ्यात बेस कॅरी या मैत्रिणीसाठी तो तळ्यापलीकडून आइस्क्रीम आणायला गेला. वल्ही मारत परत येईपर्यंत आइस्क्रीम वितळलं! किस्सा किती खरा ते सोडा, पण 1909 मध्ये त्याने मोटरींचं उत्पादन सुरू केलं हे खरं. अशी मोटर बनवणारा तो पहिला नव्हता. कॅमेरॉन वॉटरमन त्याच्या आधी बाजारात होता. पण टिकाऊ आणि विकली जाणारी मोटर एव्हिनरूडची ठरली. बेसशी त्याचं लग्न झालं होतं आणि धंद्याचा हिशोब, जाहिराती तीच बघायची.

पहिली मोटर दीड हॉर्सपॉवरची, लोखंड आणि पितळेची, वजन सुमारे 28 किलो. पुढे बेसची तब्येत बिघडली म्हणून त्याने आपला वाटा भागीदाराला विकला. पाच वर्षं या धंद्यात परत यायचं नाही, अशी अट होती. त्या काळात त्याने ॲल्युमिनियम वापरून दोन सिलिंडरची नवी मोटर आखली. ताकद दुप्पट, 3 हॉर्सपॉवर, आणि वजन सुमारे 22 किलो. जुन्या भागीदाराने ती नाकारली, तेव्हा त्याने 'एल्टो' नावाने वेगळी कंपनी काढली. 1929 मध्ये दोन्ही कंपन्या पुन्हा एकत्र आल्या. बेस 1933 मध्ये गेली, ओले 1934 मध्ये.

आता कामाचा मुद्दा. पंखा पाण्याखालच्या खडकावर किंवा बुडालेल्या खोडावर आपटला की पातं वाकतं. मग इंजिन थरथरतं, आणि ती थरथर बेअरिंग आणि सील खाते.

पितळी किंवा कांस्याचं पातं लाकडी ठोकळ्यावर ठेवून लाकडी हातोडीने हळूहळू सरळ करता येतं. माप म्हणून त्याच पंख्याचं चांगलं पातं समोर ठेवायचं. सारखं ठोकल्याने धातू कडक होतो आणि तडकू शकतो, म्हणून मध्ये तापवून मऊ करावा लागतो. स्टीलचा शाफ्ट व्ही-ब्लॉकवर फिरवून डायल गेजने बाक कुठे आहे ते शोधतात आणि प्रेसने थोडा थोडा दाबतात. ॲल्युमिनियमचा ओतीव भाग मात्र अनेकदा वाकण्याऐवजी फुटतो. म्हणजे एव्हिनरूडने वजन कमी केलं, त्याची किंमत दुरुस्तीत मोजावी लागते!

यावरचा स्वस्त उपाय म्हणजे शिअर पिन. धडक बसली की ही छोटी पिन तुटते आणि पंखा, शाफ्ट, गिअर वाचतात. म्हणून तिच्या जागी खिळा ठोकू नका. खिळा तुटला नाही, तर धक्का थेट गिअरला बसेल. दोन जादा पिना आणि पक्कड बोटीतच ठेवा.

एव्हिनरूड नावाच्या मोटरींचं उत्पादन 2020 मध्ये थांबलं. जुन्या मॉडेलचे पार्ट मिळणं आता अवघड होत जाणार. त्यामुळे वाकलेला भाग भंगारात टाकण्याआधी तो कोणत्या धातूचा आहे, हे बघा. तो सरळ होईल की फुटेल, ते धातूच ठरवतो.